आधार कार्ड आहे, म्हणजे मी नागरिक झालो का?

आमच्या गावातलं सेवा केंद्र म्हणजे रस्त्याकडेची एक खोली. आत एक कॉम्प्युटर, एक प्रिंटर आणि बाहेर कडूनिंबाखाली बाकडं. बाकड्यावर बसलेल्या प्रत्येकाच्या मांडीवर एक थैली असते, बियाण्याच्या दुकानातून मिळालेली, वर कपाशीच्या बोंडाचं चित्र. आत घरादाराचे कागद: आधार, राशन कार्ड, मतदान कार्ड, टी.सी., जातीचा दाखला, सातबारा, बँकेचं पासबुक. पावसात भिजू नयेत म्हणून आत पुन्हा एक पन्नी.

मी तिथं अधूनमधून लोकांचे फॉर्म भरून द्यायला बसतो. शेजारच्या आबाजींनी एकदा माझ्यापुढं आपली थैली पालथी केली आणि विचारलं, "भाऊ, एक सांग मले. एवढे कागद हायेत माह्यापाशी. याच्यातला मी देशाचा नागरिक हाय असा कागद कोनता?"

मी आधार कार्डावर बोट ठेवणार होतो. ठेवलं नाही. ते उत्तर चूक आहे एवढं माहीत होतं, पण बरोबर उत्तर पटकन देता येईना. त्या दिवशी आबाजींना जे तुकड्यातुकड्यांनी सांगितलं, ते इथं जरा नीट लावून सांगतो.

आधारचा कायदा २०१६ सालचा. त्याच्या नवव्या कलमात स्पष्ट लिहिलंय की आधार क्रमांक हा नागरिकत्वाचा किंवा अधिवासाचा पुरावा नाही. कार्डावरही बारीक अक्षरात तसं छापलेलं असतं, फक्त ते कुणी वाचत नाही. आधार काढायला भारतात मागच्या बारा महिन्यांत १८२ दिवस राहिलेलं असणं पुरतं, त्यामुळे इथं राहणाऱ्या परदेशी माणसालाही ते मिळू शकतं. आधार एवढंच सांगतं की हा अंगठा आणि हे डोळे या नावाच्या माणसाचे आहेत.

राशन कार्ड धान्यासाठी. सातबारा जमिनीचा, माणसाचा नव्हे. टी.सी. सांगते जन्म कधी आणि कुठं झाला. मतदान कार्ड या सगळ्यांत नागरिकत्वाच्या सर्वांत जवळचं, कारण मतदार यादीत नाव कायद्यानं फक्त नागरिकाचंच येऊ शकतं. पण नाव घेताना चूक होऊ शकते, म्हणून तोही शेवटचा शब्द नाही. तहसीलमधून मिळणाऱ्या एका दाखल्याच्या तर नावातच 'वय, राष्ट्रीयत्व व अधिवास' आहे, आणि गोंधळात त्यानं भरच पडते. तो दाखला तुमच्याकडचे बाकीचे कागद पाहून दिलेला असतो. तो कुणाला नागरिक करत नाही. नागरिकत्व हा विषय राज्यघटनेनं केंद्राकडे ठेवलाय.

आणि खरी गोम इथं आहे: जो जन्मानंच भारताचा नागरिक आहे, त्याला सरकार 'हा नागरिक आहे' असा वेगळा दाखला देतच नाही. तसं प्रमाणपत्र मिळतं ते बाहेरून येऊन अर्ज करून नागरिक झालेल्यांना. म्हणजे आबाजींच्या थैलीत तो कागद नव्हता, माझ्या कपाटात नाही आणि बहुतेक तुमच्याही घरी नसेल.

एका घरात चार कायदे

मग नागरिक ठरतो कशावरून? तीन गोष्टींवरून: जन्म कुठं झाला, कधी झाला आणि त्या वेळी आईबाप कोण होते. यातला 'कधी' हा भाग लोकांना माहीत नसतो, आणि सगळा पेच त्यातच आहे. आबाजींच्या घरावरूनच पाहू.

आबाजी जन्मले स्वातंत्र्याच्या आदल्या वर्षी, १९४६ साली. त्यांचा पुरावा म्हणजे कोतवाल बुकाची, म्हणजे गावातल्या जन्ममृत्यूच्या जुन्या नोंदवहीची, नक्कल. विदर्भात ज्यांनी जातपडताळणीसाठी धावपळ केली त्यांना हे बुक चांगलं ठाऊक आहे. त्यात बहुतेक वेळा पोराचं नावच नसतं, नुसतं 'अमक्यास मुलगा झाला' एवढंच. आबाजींच्या नोंदीतही तसंच आहे. त्यांना लागू होतं राज्यघटनेचं पाचवं कलम: घटना लागू होताना ज्याचं कायमचं राहणं भारतात होतं आणि जो भारतात जन्मला होता, किंवा ज्याच्या आईबापांपैकी एक इथं जन्मला होता, किंवा जो आधीची किमान पाच वर्षं इथंच राहत होता, तो नागरिक. घटना २६ जानेवारी १९५० ला लागू झाली हे सगळ्यांना पाठ असतं. पण नागरिकत्वाची कलमं त्याआधीच, २६ नोव्हेंबर १९४९ लाच अमलात आली होती.

त्याआधी आबाजींचे वडील कोण होते? रयत. वऱ्हाड कागदोपत्री निजामाचा, आणि १८५३ पासून कारभार इंग्रजांचा. म्हणजे मालक दोन. रयतेनं सारा भरायचा आणि हात जोडायचे. आपल्या बोलण्यात 'सायबानं दिलं', 'सरकारनं दिलं' हे जे अजून येतं, ते तिथलंच उरलेलं आहे असं मला वाटतं.

आबाजींचा मुलगा १९७४ चा. त्याच्यासाठी नियम सर्वांत सोपा. २६ जानेवारी १९५० पासून ३० जून १९८७ पर्यंत जो भारताच्या भूमीवर जन्मला तो नागरिक, मग आईबाप कुणीही असोत. परदेशी वकिलातीतल्या माणसांच्या मुलांसारखे थोडे अपवाद सोडले तर एवढंच.

नात १९९८ ची. १ जुलै १९८७ पासून भारतात जन्म पुरेसा नाही. जन्माच्या वेळी आईबापांपैकी किमान एक जण नागरिक हवा. आणि पणतू २०२१ चा. ३ डिसेंबर २००४ पासून नियम आणखी आवळला: दोघंही नागरिक हवेत, किंवा एक नागरिक आणि दुसरा बेकायदा आलेला नसावा.

एकाच छपराखाली चार माणसं, चौघंही नागरिक आणि चौघांना चार वेगळे नियम. पणतवाच्या बाबतीत म्हणूनच जन्माचा दाखला फार महत्त्वाचा झालाय. १ ऑक्टोबर २०२३ पासून किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांसाठी तर शाळाप्रवेशापासून मतदार यादीपर्यंत जन्माचा दाखला हाच जन्मतारखेचा आणि जन्मठिकाणाचा पुरावा धरला जातो. नोंद २१ दिवसांत करायची. एक वर्ष उलटलं तर जिल्हाधिकारी किंवा उपविभागीय अधिकाऱ्यासारख्या दंडाधिकाऱ्याच्या आदेशाशिवाय नोंद होत नाही. बारसं पुढं ढकला, नोंद ढकलू नका.

या नियमांच्या मुळाशी आपल्याच भागातला एक माणूस आहे. अमरावती जिल्ह्यातल्या पापळचे डॉ. पंजाबराव देशमुख, आपले भाऊसाहेब. शिवाजी शिक्षण संस्था आणि अकोल्याचं कृषी विद्यापीठ यांमुळे आपण त्यांना ओळखतो. पण ते घटना समितीचे सदस्य होते, आणि ऑगस्ट १९४९ मध्ये नागरिकत्वाच्या कलमावर सर्वांत जास्त भांडलेल्यांपैकी एक होते. त्यांचं म्हणणं असं की मसुद्यानं भारताचं नागरिकत्व फार स्वस्त करून टाकलंय. विमानातून चाललेलं परदेशी जोडपं मुंबईत दोन तास थांबलं आणि बाई तिथंच बाळंत झाली, तर ते मूल भारतीय कसं, असा त्यांचा सवाल होता. त्याच वेळी त्यांनी आणखी एक दुरुस्ती मांडली होती: जो धर्मानं हिंदू किंवा शीख आहे आणि दुसऱ्या कुठल्या देशाचा नागरिक नाही, त्याला भारताचं नागरिकत्व मागता यावं. ती दुरुस्ती समितीनं फेटाळली. बाबासाहेब आंबेडकरांनी तर सांगूनच टाकलं होतं की एखादं कलम सोडलं तर या कलमाइतकी डोकेदुखी मसुदा समितीला दुसऱ्या कशानं झाली नाही.

भाऊसाहेबांची विमानातल्या बाळाची तक्रार अखेर १९८७ साली कायद्यात उतरली. धर्माचा मुद्दा २०१९ च्या दुरुस्तीनं वेगळ्या रूपात परत आला. पाकिस्तान, बांगलादेश आणि अफगाणिस्तानातून ३१ डिसेंबर २०१४ पर्यंत आलेल्या हिंदू, शीख, बौद्ध, जैन, पारशी आणि ख्रिस्ती लोकांसाठी नागरिकत्वाची वाट सोपी केली गेली. त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात याचिका गेल्या. सत्तर वर्षांत वाद मिटला नाही, यावरून प्रश्न किती अवघड आहे ते कळतं.

गोठणगावजवळची वस्ती

तारखेचा हा खेळ कुणाला खरोखर भोवतो, हे पाहायचं तर गोंदिया जिल्ह्यात अर्जुनी मोरगाव तालुक्यात जावं. गोठणगावजवळ तिबेटी लोकांची वसाहत आहे, नॉर्गेलिंग नावाची, १९७२ पासून वसलेली. हिवाळ्यात आपल्या शहरांत स्वेटरची दुकानं थाटून बसणारे तिबेटी आपण पाहतोच.

आता समजा, त्या वस्तीत एका घरी १९८५ साली मुलगी झाली आणि १९८८ साली मुलगा. आईबाप दोघंही तिबेटमधून आलेले, नागरिक नसलेले. दोन्ही लेकरं इथल्याच मातीत, इथल्याच धानाच्या बांध्यांच्या शेजारी वाढली. कायद्यानं बहीण भारताची जन्मजात नागरिक. भाऊ नाही. फरक फक्त तीन वर्षांचा. २०१० मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात एका तिबेटी तरुणीच्या प्रकरणात हाच मुद्दा आला आणि १९८७ आधीच्या जन्माचा नियम तिबेट्यांनाही लागू आहे असा निकाल झाला. पुढं २०१४ मध्ये अशा तिबेट्यांची नावं मतदार यादीत घ्यावीत असं निवडणूक आयोगानंही सांगितलं.

त्या भावासाठी दोन रस्ते उरतात, नोंदणी किंवा देशीयकरण. देशीयकरण म्हणजे साधारण बारा वर्षं इथं राहून, अर्ज करून, निष्ठेची शपथ घेऊन नागरिक होणं. गडचिरोलीच्या चामोर्शी, मुलचेरा भागात पूर्व पाकिस्तानातून आलेल्या बंगाली कुटुंबांची गावं आहेत; त्यांच्या जुन्या पिढीलाही नागरिकत्व या शब्दाचा अर्थ आपल्यापेक्षा जास्त कळतो. आपल्याला तो फुकटात मिळालाय, म्हणून आपण कधी थैली उपडी करून शोधला नाही.

एक गोष्ट मात्र आपल्याकडे सगळ्यांसाठी सोपी आहे. भारतात नागरिकत्व एकच, राज्याचं वेगळं नाही. बैतुलहून किंवा बालाघाटहून इकडे नांदायला आलेली सून, आदिलाबादकडून आलेला जावई, सगळे सारखेच नागरिक. 'ती एमपीची आहे, तिला इथलं काय' हे बोलणं पाराच्या गप्पांपुरतं ठीक. कायद्यात फरक पडतो तो अधिवासाचा आणि जातीच्या यादीचा. एका राज्यातली जात दुसऱ्या राज्याच्या यादीत नसू शकते, आणि त्यात सुनांचे हाल होतात हे खरं. पण तो प्रश्न नागरिकत्वाचा नाही. दुसऱ्या देशाचं नागरिकत्व आपणहून घेतलं, तर भारताचं जातं. अमेरिकेत स्थायिक झालेल्या पाहुण्यांकडे जे ओसीआय कार्ड असतं ते येण्याजाण्याच्या सवलतीचं आहे, मताचं नव्हे.

कोणता हक्क माणसाला, कोणता नागरिकाला

आबाजींचा पुढचा प्रश्न असा: "मंग नागरिक नसला तर त्याले काहीच नाही का?"

असतं, आणि भरपूर असतं. घटना लिहिणाऱ्यांनी शब्द जपून वापरलेत. काही कलमांत 'व्यक्ती' म्हटलंय, काहींत 'नागरिक'. कायद्यापुढं समानता (कलम १४) आणि जीविताचा व स्वातंत्र्याचा हक्क (कलम २१) प्रत्येक व्यक्तीला आहेत. सेवाग्रामच्या आश्रमात महिनाभर राहायला आलेला परदेशी पाहुणाही त्यात आला. त्यालाही पोलिसांनी पकडलं तर २४ तासांत न्यायदंडाधिकाऱ्यापुढं उभं करावं लागतं. त्याच्याकडूनही कुणी वेठबिगारी करून घेऊ शकत नाही. तोही आपला धर्म पाळू शकतो.

पण त्याला मत नाही. सरकारी नोकरीत समान संधीचा हक्क नाही. बोलण्याचं, सभा घेण्याचं, संघटना काढण्याचं, देशात कुठंही फिरून वस्ती करण्याचं स्वातंत्र्य देणारं एकोणिसावं कलम नागरिकापुरतं आहे. दरवर्षी चंद्रपूर-गडचिरोलीकडचे मजूर मिरची तोडायला तेलंगणात जातात, तेव्हा कुणाची परवानगी काढत नाहीत. त्यांना ते जाणवतही नाही, पण त्या टेम्पोत बसताना ते एकोणिसावं कलम वापरत असतात.

पंचविसावं कलम म्हणजे धर्माचं स्वातंत्र्य. ते पुस्तकातून बाहेर काढून लाखो लोकांनी एका दिवशी वापरलेलं पाहायचं असेल तर १४ ऑक्टोबर १९५६, नागपूर, दीक्षाभूमी. ज्यांना गावच्या विहिरीवर पाणी भरू दिलं जात नव्हतं, त्यांनी आपला धर्म आपण निवडला. घटना लागू होऊन तेव्हा सात वर्षंही झाली नव्हती.

आणि हक्क मोडला तर? घटनेत त्याचंही औषध आहे. कलम ३२ नं थेट सर्वोच्च न्यायालय, कलम २२६ नं उच्च न्यायालय. आपल्यासाठी ते नागपूरला आहे, मुंबई उच्च न्यायालयाचं खंडपीठ. १९३६ पासून १९५६ पर्यंत तर नागपूरचं स्वतःचं उच्च न्यायालय होतं. "तिथं जायले वकिलाची फी कुठून आनू?" असं आबाजी म्हणालेच. बायका, अनुसूचित जाती-जमातींचे लोक, दिव्यांग, लहान मुलं आणि कोठडीतली माणसं यांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो; बाकीच्यांना उत्पन्नाच्या मर्यादेत. तालुक्याच्या कोर्टातच विधी सेवा समिती असते. फोनचा नंबर १५१००. हा नंबर थैलीतल्या निम्म्या कागदांपेक्षा जास्त कामाचा आहे.

मताबद्दल एवढंच सांगतो, कारण बाकी निवडणुकीत सगळे सांगतातच: कार्ड नव्हे, यादीतलं नाव महत्त्वाचं. कार्ड खिशात आणि नाव यादीत नाही, तर मत नाही. अठरा पूर्ण झालेल्यांसाठी नमुना ६, लग्न होऊन गाव बदललेल्या मुलींसाठी नमुना ८. आता वर्षातून चार तारखा धरतात, १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर, त्यामुळे वर्षभर थांबावं लागत नाही.

कर्तव्यांची यादी आणि रानडुक्कर

कर्तव्यं घटनेत सुरुवातीला नव्हतीच. १९७६ साली, आणीबाणीत, बेचाळिसाव्या दुरुस्तीनं ५१-क हे कलम आलं, दहा कर्तव्यं घेऊन. २००२ मध्ये अकरावं जोडलं: सहा ते चौदा वयाच्या लेकराला शिकू देणं हे आईबापाचं कर्तव्य. शाळेच्या भिंतीवर ही यादी रंगवलेली असते. त्यात काय नाही हे पाहणं जास्त मजेचं आहे. मतदान करणं त्या यादीत नाही. कर भरणंही नाही. घरपट्टी भरावी लागते ती वेगळ्या कायद्यानं. आणि ग्रामपंचायत सदस्यानं मागणीबिल हातात पडल्यावर तीन महिन्यांत कर भरला नाही तर त्याचं पद जाऊ शकतं, हे मात्र विरोधी गटाला बरोबर माहीत असतं.

या कर्तव्यांसाठी कुणाला थेट शिक्षा होत नाही. शिक्षा होते ती त्या त्या विषयावरच्या वेगळ्या कायद्यानं. वैज्ञानिक दृष्टिकोन ठेवणं हे कर्तव्य आहे. पण मेळघाटात आजारी तान्ह्या लेकराच्या पोटाला तापल्या लोखंडानं डंबा दिला जातो, तेव्हा पोलीस गुन्हा लावतात तो फौजदारी कायद्यानं आणि जादूटोणाविरोधी कायद्यानं, ५१-क नं नव्हे. दुसरी गोष्ट, कर्तव्यात कमी पडला म्हणून मूलभूत हक्क काढून घेता येत नाही. राष्ट्रगीताचा मान राखणं हे कर्तव्य आहे. केरळात तीन मुलं राष्ट्रगीताला उभी राहायची पण गायची नाहीत, म्हणून शाळेनं काढली. १९८६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्यांना परत घ्यायला लावलं. उभं राहणं हा मान झाला, असं न्यायालय म्हणालं.

सगळ्यांत अवघड कर्तव्य आहे ते वनं, नद्या आणि वन्यजीव जपण्याचं. अवघड सगळ्यांना नाही, आम्हाला. नागपूरच्या सोसायटीत राहणाऱ्यानं वाघ वाचवा म्हणून रविवारी सायकल चालवली की त्याचं कर्तव्य झालं. जंगलाला लागून तीन एकर असलेल्याचं तसं नाही. तूर कंबरेएवढी झाली की रोह्यांचा, म्हणजे नीलगायींचा, कळप येतो, हरभऱ्यात रानडुकरं. माणसं थंडीत माळ्यावर बसून जागल करतात. नुकसानभरपाईची तरतूद आहे, अर्ज लगेच करावा लागतो, पंचनामा होतो. जागलीच्या रात्रींची भरपाई कुठल्याच नमुन्यात नाही. मग कुणी कुंपणात करंट सोडतो. तो गुन्हा आहे, आणि त्यात डुकराइतकाच वाघ मरतो, शेजारचा गडी मरतो, कधी लावणारा स्वतःच मरतो. करंटाची बाजू मी घेत नाही. पण एक कर्तव्य एकाला सायकलवर आणि दुसऱ्याला अख्खी रात्र जागून पाळावं लागतं, हे भिंतीवरच्या यादीत कुठं लिहिलेलं नसतं.

गावात सरकार कोण

नागरिक असणं रोजच्या जगण्यात कुठं वापरायचं, याचं उत्तर दिल्लीत नाही, ग्रामसभेत आहे. त्र्याहत्तरावी घटनादुरुस्ती २४ एप्रिल १९९३ ला लागू झाली आणि ग्रामसभेला घटनेत जागा मिळाली. ग्रामसभा म्हणजे गावाच्या मतदार यादीतली सगळी माणसं. सरपंच आणि सदस्य ही तिनं निवडलेली मंडळी. आमच्याकडे लोक उलटं समजतात: ग्रामसभा सरपंचाची, आपण तिथं पाहुणे.

वर्षात किमान चार ग्रामसभा व्हाव्या लागतात, आणि आधी बायकांची वेगळी सभा घ्यायची असते. गणपूर्तीसाठी मतदारांपैकी पंधरा टक्के किंवा शंभर, यातला जो आकडा लहान तेवढी माणसं लागतात. आता आतली गोष्ट. माणसं आली नाहीत तर सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही. म्हणजे पहिल्या दिवशी सगळे शेतात, आणि तहकूब सभेत वीस जण बसून वर्षभराच्या कामांची यादी मंजूर. कायदा मोडला नाही, गावही विचारलं नाही. घरकुलाच्या यादीत आपलं नाव का नाही म्हणून नंतर भांडणाऱ्यांपैकी किती जण त्या सभेला होते, हे मी एकदा मोजलं होतं. आकडा सांगत नाही, त्यात मीही होतो.

याउलट गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातलं मेंढा-लेखा. छोटं गोंडी गाव. त्यांची घोषणा सगळ्यांनी ऐकलेली आहे: 'दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार.' घोषणा सगळे देतात. या गावानं तिच्यामागं कष्ट घातले. निर्णय बहुमतानं नाही, सगळ्यांच्या संमतीनं; एकाचंही मन नसेल तर थांबायचं, पुन्हा बसायचं. अभ्यासगट करून कायदे वाचायचे. २००६ चा वनहक्क कायदा आला तेव्हा ही माणसं तयारीत होती. २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर त्यांचा सामूहिक हक्क मान्य झाला, देशातल्या अगदी पहिल्या गावांत. तरी बांबू तोडून विकायला वनविभागाची आडकाठी होतीच. वनहक्क कायदा बांबूला गौण वनउपज म्हणतो, म्हणजे तो ग्रामसभेचा, हे धरून ते अडून बसले. २०११ मध्ये वाहतूक परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हातात आलं. बांबू विकला कुणी? ग्रामसभेनं. पैसा कुठं गेला? ग्रामसभेच्या खात्यात.

प्रत्येक गाव मेंढा-लेखा होईल असं मी म्हणत नाही. आमचं गाव कापसाचं आहे, जंगल नाही, आणि तीन गट आहेत. पण निदान सभेच्या नोटिशीची तारीख वाचता येते.

पोच

आता आबाजींच्या थैलीकडे परत. त्या थैलीतले जवळजवळ सगळे कागद त्यांना 'लाभार्थी' म्हणून ओळखतात. हा शब्द आपल्या कानात इतका बसलाय की माणसं स्वतःची ओळखच तशी करून देतात: "मी निराधारचा लाभार्थी." राशन दुकानात "कोटा आला नाही" म्हटलं की आपण थैली घेऊन परत फिरतो. पण ते धान्य २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यानं येतं. अंत्योदयाच्या कार्डावर महिन्याला ३५ किलो, प्राधान्य कुटुंबाला माणशी ५ किलो. दुकानदाराची मेहरबानी त्यात कुठंच नाही.

दाखल्यांचंही तसंच. महाराष्ट्रात २०१५ पासून लोकसेवा हक्काचा कायदा आहे. कोणता दाखला किती दिवसांत द्यायचा हे ठरलेलं असतं आणि त्याचा फलक कार्यालयात लावावा लागतो. विनाकारण उशीर केला तर त्या अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड होऊ शकतो. फक्त एक अट आहे: अर्ज कधी दिला याची पोच तुमच्याकडे हवी. तोंडी अर्जाला दिवस मोजता येत नाहीत. एका कार्यालयात मी स्वतः सात वेळा 'उद्या या' ऐकलंय, कारण पहिल्या दिवशी पोच मागायला लाजलो होतो.

आबाजींची अडचण वेगळी होती. त्यांच्या घरापुढची नाली कागदावर पूर्ण झाली होती आणि जमिनीवर अर्धीच होती. त्यासाठी माहितीचा अधिकार. २००५ चा हा कायदा तिसऱ्या कलमात म्हणतो की माहितीचा अधिकार 'सर्व नागरिकांना' आहे. व्यक्तींना नाही, नागरिकांना. माहिती का पाहिजे हे विचारायचा हक्क अधिकाऱ्याला नाही. उत्तर ३० दिवसांत. महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय, दीडशे शब्दांच्या आत, दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट. दारिद्र्यरेषेखालच्यांना तेही नाही.

आम्ही अर्ज लिहिला: अमुक नालीचं अंदाजपत्रक, मोजमाप पुस्तकाची नक्कल आणि दिलेल्या बिलांच्या प्रती. आबाजींनी सही केली, मोठी, आडवी, चौथीपर्यंत शिकलेल्या माणसाची. मग थैलीची गाठ सोडायला लागले.

"आता याले नागरिक असल्याचा कागद कोनता जोडू?"

"काहीच जोडायचा नाही आबाजी. साधारणपणे मागत नाहीत. तुम्ही अर्ज केला, तेवढं पुरतं."

ते माझ्याकडे बघत राहिले, मग थैलीकडे.

"मंग इतके वर्सं मी हे कायले वागवून रायलो बाप्पा?"

अर्ज देऊन आज बावीस दिवस झाले. पोच आबाजींनी थैलीत ठेवली नाही, सदऱ्याच्या खिशात ठेवलीय. दिवस मात्र मलाच विचारतात.